बोलकी दारं

“गप्प! जरा गप्प बसा दोघीही,” बाबा म्हणाले आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागरीला कान लावला. एक गुडघा स्टुलावर, डोळे मिटलेले, हातानं दार हळूहळू पुढे-मागे. दार बारीक, लांबलचक कुरकुरलं आणि गवयाला सूर सापडावा तसं समाधान बाबांच्या चेहऱ्यावर पसरलं.

“बाबा, थेंबभर तेल घाला की त्यात,” मुलगी म्हणाली. बसमधून उतरून ती नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. “अख्ख्या गल्लीची घड्याळं चालती केलीत आणि आपल्या घरातली दारं मात्र रडतायत. दिव्याखाली अंधार!”

“रडतायत? गातायत म्हण.”

“शेजारी म्हणत असतील, म्हाताऱ्यानं दारांनाही व्हायोलिन शिकवलं.”

आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. ती हसली. “कारखाना आहे बाई हा. आणि मी इथली सगळ्यात जुनी कामगार. ना सुट्टी, ना बोनस.”

बाबांची सगळी नोकरी छापखान्यात झाली, पण गल्ली त्यांना ‘कारखाना’ म्हणूनच ओळखायची. घड्याळं, शिलाई मशीन, पुस्तकांची बांधणी, गुलाबाची कलमं. शिवाय व्हायोलिन, आणि म्हातारपणी रेडिओ ऐकून शिकलेली एक परकी भाषा, जी बोलायला त्यांना उभ्या आयुष्यात एकही माणूस भेटला नाही. त्या खेपेला मुंग्यांचं वेड होतं. खिडकीच्या कट्ट्यावर साखरपाण्याचा थेंब ठेवून ते तासभर बसले होते. “पहिली मुंगी परत जाऊन बाकीच्यांना नेमकं काय सांगते गं?” त्यांनी विचारलं. मुलगी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होती. “पुस्तक आहे त्यावर, पुढच्या वेळी आणते,” ती म्हणाली.

जेवणं झाली. बाबांनी नेहमीप्रमाणे पेपर मोठ्यानं वाचला, अगदी ‘घर भाड्याने देणे आहे’पर्यंत. आई मध्येमध्ये शेरे मारत राहिली. संध्याकाळी मुलगी निघाली तेव्हा बाबा कोपऱ्यापर्यंत सोडायला आले आणि बस हलायच्या आत कुठल्याशा दुकानाच्या पाटीकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकाकडे बाबांनी दुरुस्त केलेलं काही ना काही होतं. कुणाचं घड्याळ, कुणाच्या चष्म्याची जोडलेली काडी. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणाला, “माझी खुर्ची फिरते ती त्यांच्यामुळे. पण काय सांगू, खुर्ची दुरुस्त करायला बोलावलं तर आधी चाक कुणी शोधलं इथपासून सुरुवात! गिऱ्हाइकं ताटकळली होती, तीसुद्धा ऐकत बसली.”

खोलीत पहिल्यांदाच हसू उमटलं. तिचा मोठा भाऊ, दादा, म्हणाला, “आमच्याकडे म्हणच होती. बाबांकडे पाणी मागू नये, ते आधी विहीर खणायला बसवतात.”

तीही हसली. शाळेत असताना तिनं त्यांना एकदा गणित विचारलं होतं. गणित तीन ओळींचं. बाबांनी आकाशातल्या ताऱ्यांपासून सुरुवात केली आणि गणिताशी पोचेपर्यंत ती वहीवर डोकं ठेवून झोपून गेली. तेव्हापासून ती पुस्तकांकडे वळली. पुस्तकं विचारलं तेवढंच सांगतात. पुढे तिनं बाबांना कधी काही विचारलं नाही, आणि तिला काही अडलं असेल असं त्यांनाही कधी वाटलं नाही.

चार शेजारणी सोडून बाकीचे लोक पांगले. दादाला हात रिकामे ठेवून बसवेना. लहानपणापासून त्याचा स्वभावच तसा. दुःख झालं की तो काहीतरी पुसत, आवरत सुटतो. तेलाची बुधली घेऊन तो बोळात गेला. बोळात ओळीनं तीन दारं: स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बाबांची कामाची खोली. या शेवटच्या खोलीत दोन पायऱ्या खाली उतरावं लागे.

“बाबांनी जगाची दारं दुरुस्त केली,” बिजागऱ्यांत तेल सोडताना तो म्हणाला. आवाज फुटत होता. “आपल्या घरची तेवढी राहिली. एवढं तरी मी करतो.”

आई बाहेरच्या खोलीत शेजारणींमध्ये बसली होती. तिनं मान एका बाजूला कलती केली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

सकाळी धप्प असा आवाज झाला. मुलगी धावत गेली तर आई कामाच्या खोलीत पायऱ्यांखाली बसलेली, कपाळ सोललेलं, मनगट दुसऱ्या हातात धरलेलं. चहा करायला निघाली होती.

“स्वयंपाकघर इकडे आणि तू तिकडे कुठे गेलीस?” दादा घाबरून ओरडलाच. “बघ, मी कालपासून म्हणतोय. एकटीनं राहणं जमायचं नाही. माझ्याकडे चल. रविवारी गाडी घेऊन येतो.”

“झोपेत होते रे,” आई म्हणाली.

दादा औषधाच्या दुकानात गेला. मुलगी आईला स्वयंपाकघरात बसवून तिच्या कपाळावरचं रक्त पुसत होती. पुसता पुसता तिनं फडक्याचा ओला बोळा आईच्या डोळ्यांसमोर धरला. डोळे हलले नाहीत. बोळा डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

“आई, माझ्या हातात काय आहे?”

“कापूस.”

“कापूस नाही.”

आईनं तिचा हात बाजूला केला. मग थकलेल्या आवाजात म्हणाली, “दार तेवढं लोटून घे.”

“तू तर चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत होतीस...”

“काचबिंदू. तू ती शाल आणलीस ना मागे? मी म्हटलं, रंग काय सुरेख आहे. रंग कोणता, ते ह्यांनी कानात सांगितलं होतं.”

तिला आठवलं. आईनं शाल गालाला लावली होती आणि बाबा मध्येच उठून आईच्या खुर्चीमागे उभे राहिले होते. तिला तेव्हा ती म्हातारपणातली लाडीगोडी वाटली होती.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नेलं असतंत. मायेनंच नेलं असतंत, पण नेलं असतंत. मग हे म्हणाले, तुला दिसत नाही ना, आपण घरालाच बोलायला लावू.” आईचा चांगला हात हवेत उठला आणि एकेका दाराकडे अचूक वळला. “हे स्वयंपाकघराचं कुईं करायचं. न्हाणीघराचं टक करून थांबायचं. आणि कामाच्या खोलीचं घोगरं, म्हाताऱ्या बोक्यासारखं. ते ऐकलं की पाय आपोआप थांबायचा. दर आठवड्याला ह्यांचं काम चालायचं. कधी चोळ, कधी घास, कधी स्क्रू ढिला कर. मला म्हणायचे, तू आधी जा गं. तू गेलीस की मी निवांतपणे सगळ्या दारांना तेल घालीन.”

मुलगी हसली आणि फडकं पुन्हा पाण्यात बुचकळू लागली.

“आणि काल दादा तेल घालत होता तेव्हा...”

“कळत होतं की. वास येत होता तेलाचा. एकेक दार मुकं होताना ऐकू येत होतं. काय बोलणार होते मी? चार बायका बसलेल्या. आणि तो रडत होता गं.”

दार हलल्याचा आवाज आला नाही, म्हणून दोघींनाही कळलं नाही. दादा मलमपट्टीचं पुडकं घेऊन उंबऱ्यात उभा होता. तो तसाच खाली बसला.

“मीच घातलं,” तो म्हणाला.

“मायेनं घातलंस,” आई आवाजाच्या दिशेनं म्हणाली. “त्याचं काही नाही. पण मला नेऊ नकोस रे. तुझं घर चांगलं आहे, सूनबाई चांगली आहे. पण तिथली सगळी दारं मुकी. तिथे मी आंधळी होईन.”

दादानं आईचं मनगट बांधलं, पट्टी नीट बसली आहे की नाही ते पुन्हा पुन्हा पाहिलं.

“मी राहते इथे,” मुलगी म्हणाली. “रजा आहे माझी. दारं पूर्वीसारखी करते.”

“तू? तुला साधा खिळा ठोकता येत नाही.”

“माहीत आहे.”

“आणि नाही जमलं तर? परत पडली, कंबर मोडली तर? मी रविवारी येतो. दारं बोलली तर ठीक. नाही तर ती माझ्याबरोबर येणार, आणि तू मध्ये पडायचं नाहीस.”

तिनं मान डोलावली. आईनंही.

तिनं बिजागऱ्यांच्या सळ्या ठोकून बाहेर काढल्या, रॉकेलमध्ये धुतल्या, पुसून पुन्हा बसवल्या. बोटं सोलली. दारं आधीसारखीच निमूटपणे फिरली.

“व्हायोलिनच्या पेटीतलं काहीतरी चोळायचे,” बोळात स्टुलावर बसलेली आई म्हणाली. “देवदारासारखा वास यायचा.”

पेटीत राळेचा खडा सापडला. व्हायोलिनच्या गजाला लावायचा. तिनं तो सळीवर घासला आणि स्वयंपाकघराचं दार लोटलं. दार किंचाळलं.

“अगंबाई, हा कोण?” आई म्हणाली. “हे आमच्यातलं नव्हे.”

तिनं राळ थोडी पुसली, थोडी ठेवली. आई ऐकत राहिली. ‘जाड झालं.’ ‘आता सर्दी झाल्यासारखं.’ दुपार टळली तेव्हा आई म्हणाली, “राहू दे असंच. त्यांचं नाही ते, पण ओळखता येईल. मी शिकेन.” न्हाणीघराच्या दाराला कसंबसं टक करता आलं. कामाच्या खोलीचं, जे सगळ्यात महत्त्वाचं, ते मात्र काही केल्या बोलेना. राळ लावली, काढली, स्क्रू आवळला, सैल केला. दार आपलं साधुसंतासारखं मौनात.

शनिवारी संध्याकाळी आईला जरा डोळा लागला होता. मुलीनं त्या दाराची बिजागरी पुन्हा उतरवली आणि ती घेऊन दोन पायऱ्या उतरून बाबांच्या टेबलाशी गेली. टेबलावर कानशी होत्या, वाळू होती, चामड्याचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, आणि नाव माहीत नसलेल्या कितीतरी वस्तू. यातल्या कशानं तो घोगरा आवाज व्हायचा? ग्रंथालयात तिच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली होती. बिजागरी कुरकुरू नये म्हणून काय करावं हे त्यांतल्या कित्येकांत असेल. ती कुरकुरावी कशी, ते एकातही नव्हतं.

तिनं त्यांचं स्टूल पुढे ओढलं आणि बसली. बिजागरी तळहातावर धरली. समोर भिंत होती, विचार करताना ते डोकं टेकवायचे तिथे तेलकट डाग होता.

“बाबा,” ती मोठ्यानं म्हणाली, “मला हे येत नाहीये. सांगा ना. अगदी पहिल्यापासून सांगा.”