पाण्याचा हात

कारखान्याचा तपासनीस प्रत्येक पोत्यातलं एक हळकुंड कानाशी धरून मोडत होता. टाळासारखं खणकन वाजलं की वाळलेलं. एकही पोतं ओलं निघालं, तर शेतकरी बायकांच्या गटाचा पहिलाच ट्रक परत जाणार होता.

सातव्या पोत्याची गाठ पाहून गटप्रमुख आक्कांनी त्याला हात लावला; पोतं दमट लागलं. गाठ धाकट्या जाऊबाईंची होती.

"अगं, वाळल्यावर हळद पुन्हा धुतलीस की काय?"

"चकाकावी म्हणून जरा पाण्याचा हात फिरवला. गप्प बसा ना, आक्का!"

आक्कांनी देवाचं नाव घेऊन पोतं मागे ओढलं. "साहेब, हे आमच्याच घरचं. ओलं आहे, घेऊ नका."

तपासनीस हसला. "मग बाकीची मोडत बसत नाही. उतरवा सगळी."

जाऊबाई फुरंगटून ओल्या पोत्यावरच बसल्या.