मुकी जायफळं

दादाचं पार्सल आलं आणि बेकरीवाल्या बाईनं पिठाच्या हातांनीच ते फोडलं. छातीचं ऑपरेशन होऊन जेमतेम उठलेली. डॉक्टरांनी भट्टीपासून लांब राहा म्हणून बजावलं होतं, पण ऐकेल ती बाई कसली!

तिचा थोरला भाऊ जायफळाच्या बागेत कामाला. उकललेली फळं आकडीनं काढायची, बीवरची लाल जायपत्री सोडवायची आणि बी सावलीत पसरून रोज हलवत राहायचं, ते कवचात खुळखुळेपर्यंत. दरवर्षी तो बहिणीला कवचासकटच पाठवायचा आणि फोनवर दटावायचा, "वाजत नसेल तर परत पाठव, गधडे!" तशी वेळ कधी आली नव्हती.

तिनं एक कानाशी हलवलं. आवाज नाही. दुसरं हलवलं, तिसरं हलवलं. सगळी मुकी.

"आळशी झालाय मेला!" ती हसली. एक फोडून केकच्या मिश्रणावर किसायला घेतलं, तर किसणीला नुसता चिकटा. वासही कच्चा.

"अहो, दादानं ओली जायफळं पाठवली."

"हवा दमट असेल," ट्रे पुसता पुसता नवरा म्हणाला. मान काही वर करेना.

तिनं किसणी खाली ठेवली. ऑपरेशनपासून दादा एकदाही फोनवर आला नव्हता. बागेत रेंज नाही म्हणे! कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

"वहिनीला फोन लावा."

"अगं, आधी बस तरी."

"लावा म्हणते ना!"

वहिनीनं उचलला.

"वहिनी, जायफळं वाळवली नाहीत गं यंदा?"

पलीकडे हुंदका फुटला. "तुम्ही ऑपरेशनला आत गेलात, त्याच दिवशी झाडावरून पडून गेले हो ते. तुमच्या जिवाला धोका, म्हणून सगळ्यांनी लपवलं. पार्सल आलं नाही तर तुम्हाला कळेल, म्हणून मीच वेचून पाठवली. रोज हलवत बसणं मला जमेना, वन्सं."

ती धाय मोकलून रडली. नवऱ्यानं पाठीवर ठेवलेला हात तिनं झिडकारला, मग तोच घट्ट धरला.

संध्याकाळी तिनं रिकाम्या ट्रेमध्ये जायफळं पसरली आणि हातानं हलवत बसली. मधूनच एखादं कानाशी न्यायची. नाहीच वाजली, तर परत पाठवायची तरी कुणाकडे?