पाचांपेक्षा जास्त

दादाचे डोळे चाळिशीत गेले, काचबिंदूनं. तोवर तो घड्याळं दुरुस्त करायचा. नंतर एका टॅक्सी कंपनीत फोनवर बसायला लागला. धाकट्या बहिणीला तो छोटी म्हणायचा, तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तरीही. छोटी सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायची. तिचा नवरा गेलेला, याचं लग्न राहूनच गेलेलं, म्हणून दोघं एकाच घरात राहत.

रविवारची सकाळ मात्र त्यांची खरी. शाळेतून निवृत्त झालेल्या एका कवायतमास्तरांनी अंध मंडळींसाठी जोडसायकली जमवल्या होत्या. पुढच्या सीटवर डोळस माणूस बसे, मागच्या सीटवर अंध, आणि पायडल दोघांनी मारायचं. आठ सायकली ओळीनं निघायच्या. छोटी पुढे बसून रस्ता सांगत जायची, "डावीकडे वळतोय, चढ आलाय, कुत्रं आडवं आलंय."

"खड्डा आधी सांगत जा," दादा म्हणायचा. "नंतरचा मला आपोआप कळतो."

पुढच्या-मागच्या सायकलींवरून हाका यायच्या, घंटा वाजायच्या, कुणीतरी बेसूर गायचं. त्या आवाजांवरून रस्ता कुठे वळतो, कुठे रुंद होतो, हे दादाला समजायचं. आठ सायकली एकत्र दिसल्या की ट्रकवालेही जरा दबून चालवायचे.

मग शहरात कुठेतरी मोर्चा झाला, दगडफेक झाली आणि पोलिसांनी नवा नियम काढला. पाचांपेक्षा जास्त माणसांनी रस्त्यावर जमायचं किंवा मिळून सायकली चालवायच्या, तर आठवडाभर आधी परवानगी घ्यायची.

मास्तर, दादा आणि छोटी ठाण्यावर गेले. साहेब माणूस वाईट नव्हता, पण नियमाला धरून बसलेला.

"एका सायकलीवर दोघं म्हणजे दोन माणसं," तो म्हणाला. "तीन सायकली झाल्या की सहा."

"पण साहेब, आम्ही दोघं मिळून एकच," दादा म्हणाला. "डोळे हिचे, ताकद माझी."

साहेबाला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. "अर्ज करा. बघू."

अर्ज केले. परवानगी कधी यायचीच नाही, आणि आलीच तर सोमवारी. मास्तरांच्या ओळखीच्या वकीलबाईंनी नियमाविरुद्ध कोर्टात दावा लावला. तो सुरू झाला आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. तोवर दोन-दोन सायकली लांब अंतरानं काढून पाहिल्या. दादाला आता ट्रक तेवढे ऐकू यायचे. परत आला की त्याच्या मुठी आखडलेल्या असत. काहींनी येणंच सोडलं.

"सगळे एकदम निघू या," एका संध्याकाळी मास्तर म्हणाले. "धरलं तर धरू देत. हवा खायला कुणाची परवानगी मागायची?"

छोटीची सरकारी नोकरी होती, मनात धाकधूक होती. दादानं तिच्या आवाजाची वाट पाहिली, मग म्हणाला, "तुला नको असेल तर नको. मी दुसऱ्या कुणामागे बसेन."

"दुसऱ्या कुणामागे बसलास तर तंगडी तोडीन तुझी," ती म्हणाली. म्हणजे ती जाणार, हे ठरलं.

त्या रविवारी आठही सायकली निघाल्या. कितीतरी दिवसांनी दादा गायला, तोही बेसूरच. पुलाच्या तोंडाशी पोलिसांची गाडी आडवी उभी होती. आरडाओरडा झाला नाही. मास्तरांनी सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाले, "आम्ही परवानगी घेतलेली नाही, आणि घेणारही नाही." सगळ्यांना गाडीत बसवलं.

ठाण्यासमोर गाडी थांबली. छोटीला आणि पुढच्या सीटवरच्या इतरांना आधी उतरवून नावं लिहायला टेबलापाशी नेलं. एका पोरसवद्या शिपायानं दादाचा दंड धरला. "चला काका, चला लवकर," म्हणत त्यानं ओढलं. मारलं नाही, ढकललं नाही. त्याला घाई होती, एवढंच. खाली पायरी आहे, हे सांगायचं त्याला सुचलं नाही.

छोटीनं वळून पाहिलं आणि ओरडली. तोवर दादा फरशीवर पडला होता.

"काही नाही, काही नाही," तो म्हणत होता. उठायला मात्र जमेना. शिपाई पांढराफटक पडला होता. "मी धरलं होतं हो त्यांना," तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

पोलिसांनी दोघांना छोटीच्याच इस्पितळात पोचवलं. तिथे रविवारी एक्स-रेला एकच माणूस असायचा, आणि तो तापानं घरी पडून होता. छोटीनं अंगावर एप्रन चढवला. दादाला टेबलावर सरकवलं, पाय नीट ठेवला आणि सवयीनं म्हणाली, "हलू नका, अगदी स्थिर राहा."

"मला अहो-जाहो करतेस होय?" दादा कण्हत हसला.

पडद्यावर चित्र उमटलं. मांडीचं हाड खुब्यापाशी तुटून सरकलं होतं. अशी हाडं तिनं आयुष्यभर पाहिली होती. पुढे काय वाढून ठेवलंय, हे तिला डॉक्टरांआधी कळलं.

"काय दिसतंय, छोटे?"

डोळे गेल्यापासून तो हा प्रश्न रोज विचारायचा, आणि ती दिसेल ते सांगायची. भिंतीचा रंग, शेजारणीची साडी, आभाळ. कधी काही लपवलं नव्हतं.

"डॉक्टर सांगतील," ती म्हणाली.



ऑपरेशन झालं. वॉकर धरून तो संडासापर्यंत जाऊ लागला, पण सायकल कायमची सुटली. वर्ष सरता सरता निकाल लागला. सायकलींच्या गटांना परवानगीची गरज नाही, असं कोर्टानं ठरवलं. मंडळी फुलं घेऊन घरी आली. मास्तरांनी दादाचा हात दाबला. "जिंकलो रे!" दादानंही सगळ्यांना नावानं हाका मारल्या, चिकार थट्टा केली. मंडळी गेल्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

निकालानंतरच्या पहिल्या रविवारी छोटीला जायचं नव्हतं. दादानंच हट्ट धरला. "गाडी गंजेल. नवी मुलगी आलीय म्हणतात, तिला घे मागे."

नवी मुलगी कॉलेजात शिकणारी, बडबडी. आठांपैकी पाचच सायकली आल्या होत्या. बाकीची माणसं कुठे कुठे पांगली होती. छोटी रस्ता सांगत राहिली. मागून पायडलवर दाब यायचा तो हलका होता, निराळाच होता. चढावर दोनदा तिच्या तोंडून "दादा, जोर लाव" असं निघून गेलं. मुलीनं ऐकलं आणि जोर लावला.

घरी आली तर तो खुर्चीत बसलेला, दाढी करून.

"घाबरली का ती?"

"पुलावर जरा."

"मग?"

"बोलत राहिले तिच्याशी."

"बरं केलंस," तो म्हणाला. "बोलत राहायचं."

छोटी स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिली. पाणी वाहत राहिलं.

"नळ बंद कर, छोटे," बाहेरून आवाज आला. "मला ऐकू येतंय सगळं. इथे येऊन रड."