बोटभर आत

खुंटी चुकीच्या जागी ठोकली होती. वीतभर उंच, पांढरी, डोक्याला लाल रंग... आणि ठोकली कुठं, तर घोटाभर गवतात, सातव्या ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेपासून चांगली चौदा पावलं बाहेर. हेडमाळ्यानं पावलं मोजली, मग उलटी मोजली, कारण पहिल्या मोजणीवर त्याचा विश्वास बसेना. ग्रीन तर हे इथं. गोल, नीटस, ताटासारखं. बाईंचं काहीतरी चुकलंय.

बाई म्हणजे नकाशावाली. नाव कामगारांनी ठेवलेलं. ऐंशी वर्षांपूर्वी ज्यानं हे गोल्फचं मैदान आखलं त्याचा मूळ हात शोधून द्या म्हणून क्लबनं तिला बोलावलं होतं, आणि चार दिवस ती लोखंडी सळई घेऊन हिंडत होती, जिथं तिथं जमिनीत खुपसत होती आणि मान कलती करून ऐकत होती. मधल्या काळात कमिट्या आल्या नि गेल्या, जाताना प्रत्येकीनं काहीतरी खणलं नाहीतर बुजवलं. एकीनं चौथ्या होलवर तळं केलं. त्यात बेडूकसुद्धा राहायला तयार नव्हते. पण सातवं? सातव्याला चौतीस वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही, मी आहे तोवर लागणारही नाही... असं त्यानं कमिटीला तोंडावर सुनावलं होतं. तिलाही म्हणाला होता, मॅडम, तो माणूस बघायचाय ना, मग बाकीचं राहू द्या, सातव्यावर या.

ती आली होती. आणि तिनं ही खुंटी ठोकली होती.

पण तिची चूक नव्हती. ती उकिडवी बसली आणि हातानं हवेत रेघ ओढत सांगू लागली, की मैदान आखणारा हा माणूस गोल काढतच नसे. त्याच्या ग्रीनचा एक कोपरा नेहमी उताराकडं निसटलेला, आणि जमीन जिथं खरोखर संपते तिथंच तो थांबायचा, आधी नाही. झेंडाही तिथं, पार टोकाला. भित्र्यानं मध्यभागी खेळावं, छातीवाल्यानं कडेला यावं. अकराव्यावर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, बुजवलाय तरी नुसत्या उंचवट्यावरून तिनं त्याचा हात ओळखला होता. दुसऱ्यावर एका उतारावरून. आणि इथं तर लांब गवताखाली ग्रीनचा अख्खा ओटाच शाबूत होता. तिनं सळई त्याच्या हातात दिली. त्यानं दाबली. आधी मुळांचा चिवटपणा, मग खाली खरखर... जुनी वाळू. ग्रीनखाली घालतात ती. ही खरखर त्याला झोपेतही ओळखता आली असती, आणि चौतीस वर्षं तिच्यावर तो लांब गवत वाढवत होता.

मग तिनं विमानातून काढलेला जुना फोटो दाखवला. त्यात सातवं ग्रीन एका अंगाला ऐसपैस पसरलेलं.

कुठल्यातरी जुन्या कमिटीनं लहान केलं असणार, ती म्हणाली. म्हटलं तर सुटका होती. मान डोलावली की संपलं. तीन वाजता क्लबचा सेक्रेटरी येणार. बाईंचा अहवाल काही का म्हणेना, सातव्याचं काय करायचं ते हेडमाळ्याच्या शब्दावर ठरणार, एवढा त्याचा शब्द चालायचा. आणि कमिट्यांना शिव्या घालण्यात त्याची हयात गेलेली, त्यात आणखी एक. पण चोर सोडून संन्याशाला सुळी... आणि चोर कोण, ते सळई खाली रुतली तेव्हाच त्याला कळलं होतं. कारण नव्या माणसाला गवत कापायच्या मशीनवर बसवताना तोच तर सांगत आला होता: बाबा रे, कडेच्या बोटभर आत चालव. बाहेर गेलास तर लांब गवत मुळापासून सोललं जातं, महिनाभर तांबडा डाग, येणारा जाणारा बघतो. आत चुकलास तर कुणाला दिसत नाही. बोटभर. फक्त बोटभर. आणि बाहेरचं गवत ते बोट घेऊन टाकतं, मग पुढची कड तीच, मग तिच्याही बोटभर आत...

“कमिटीनं नाही,” तो म्हणाला. “मी केलं. जपून जपून.”

ती हसली नाही, हे बरं केलं. “सगळीकडं असंच होतं, काका. ज्यावर माळ्याचा जीव जास्त, तेच ग्रीन जास्त लहान.”

लाडानं वाटोळं केलं म्हणतात ते हेच की काय, असं मनाशी पुटपुटत तो जेवायला घरी निघाला. शेडच्या मागं दोन खोल्या. रस्ता तीन मिनिटांचा, पण आज संपेना, कारण जपून हा शब्द काही पाठ सोडेना. जपून. डॉक्टर म्हणाले होते तो शब्द. नोकरीचं तिसरं वर्ष, मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली, आणि डॉक्टरांनी दवाखान्याच्या जिन्यात त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बायकोला जपा, तो विषय काढू नका. नाही काढला. आधी मुलीबद्दल बोलणं बंद. मग त्या दवाखान्यावरून जाणारा रस्ता बंद, बसनं फेरा पडला तरी. मग शेजारणीची बाळंतपणं, लोकरीचा विषय, तो महिनाच... दर वर्षी काहीतरी एक. तिनं कधी तक्रार केली नाही. दोघांचं छान चाललं होतं, लोक नावाजायचे. बोलायला औषधं होती, हवापाणी होतं, गुडघे होते. मी तिला जपलं. माझ्याइतकं कुणी जपलं नसेल.

ती टेबलाशी मटार सोलत होती. सेक्रेटरी आला का, तिनं विचारलं. तीनला, तो म्हणाला, आणि हात न धुताच समोर बसला. छाती धडधडत होती. या वयात, स्वतःच्या बायकोसमोर, काय म्हणावं याला. वाटलं, गुडघ्याचं विचारावं.

“आपली मुलगी,” तो म्हणाला. “तुला आठवते?”

तिचे हात थांबले. झालं, केला घात, त्याला वाटलं. ती रडली नाही. कितीतरी वेळ ती त्याच्याकडं बघत राहिली, परगावचं माणूस अवचित दारात दिसावं तसं.

“रोज,” ती म्हणाली. “तुम्हाला सोसायचं नाही, म्हणून मी बोलले नाही कधी.”

...मला? मला सोसायचं नाही? म्हणजे इतकी वर्षं हीसुद्धा...

“तिच्या कानामागं तीळ होता,” ती म्हणाली. “उजव्या. पाहिला होतात?”

त्यानं पाहिला नव्हता. अकरा दिवसांत त्यानं मुलीला दोनदाच घेतलं होतं, तेही अवघडून, श्वास रोखून, आणि पुढं तर तिचा चेहराही आठवायचा नाही अशी त्यानं मनाला सवय लावली होती. आता चेहरा हाक मारूनही येईना. पण कान आला. इवलासा, उन्हात धरला तर आरपार लाल दिसेल असा, आणि त्याच्यामागं, जिथं त्यानं कधी बघितलंच नव्हतं तिथं, एक तीळ. सोसेल की नाही, कुणास ठाऊक. त्यानं कधी सोसून पाहिलंच नव्हतं.

“केवढा होता?” त्यानं विचारलं.

ती करंगळीचं नख पुढं करून सांगू लागली, आणि तो खुर्ची सरकवून जवळ गेला.