उलट्या बाजूचा पाना

थोरल्या दिराला सगळे फोरमन म्हणत. इंजिनांच्या कारखान्यात त्याने अठरा वर्षं काढली होती हे खरं, पण ती सगळी गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिण्यात. घरातल्या धाकट्या सुनेला हे लग्नानंतर वर्षभरात कळलं. तेव्हापासून तो यंत्रावर बोलायला लागला की ती पदरात तोंड लपवून हसायची. तिचे वडील ट्रॅक्टरचे मिस्त्री होते. इतर पोरी भातुकली खेळत त्या वयात ही त्यांच्या शेडमध्ये नट-बोल्टांचे पाने पुसायची, आणि पुढेपुढे चालवायचीही.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं निघालं तेव्हा फोरमनने सकाळीच जाहीर केलं, "मिस्त्री कशाला? मी मेलोय का?" खाली पोतं अंथरलं गेलं, चाकांना दगड लागले. पाना, पाईप, हातोडा असा लवाजमा मांडला गेला. धाकटीचा नवरा एकेक हत्यार हातात देत उभा राहिला, ऑपरेशनला नर्स उभी असते तसा.

ऑइलचा प्लग गिअरबॉक्सच्या पोटाला, खालून बसवलेला. फोरमनला पोट सुटलेलं, त्यामुळे आडवं होऊन आत शिरणं त्याला जमेना. तो चाकाशी उकिडवा बसला, हात आत घातला आणि वरून पाहिल्यासारखा अंदाज बांधून पाना ओढायला लागला. धाकटी कपडे वाळत घालत होती. तिने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा राहवलं नाही.

"भाऊजी, बाजू चुकतेय. प्लगचं तोंड खाली आहे, खालून बघून फिरवायला हवा. तुम्ही आवळताय."

फोरमनने मानही वळवली नाही. "तू आमटीत मीठ पडलंय का बघ."

नवरा हातातल्या हातोड्याकडे पाहत राहिला. धाकटीने ओला टॉवेल असा झटकला की फोरमनच्या मानेवर शिंतोडे उडाले, आणि बादलीतला पुढचा कपडा उचलला. करू दे. आंधळ्याने आरसा पुसावा, आपण कशाला हात धरायचा?

दोन दिवस हा तमाशा चालला. पान्याला पाईप लावला, पाईपला लांब पाईप लावला. फोरमन लोंबकळला, मग धाकट्या भावालाही लोंबकळवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो सांगे, "गंजलाय. फार जुना गंज आहे. साध्या माणसाचं काम नाही हे." प्लगचे सहा कोपरे झिजून गोल झाले, पाना नुसता सरकायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी तर त्याने छिन्नी मागितली. छिन्नी घसरली तर गिअरबॉक्सच फुटायचा, आणि नांगरट तोंडावर आलेली. नशीब, घरात धड छिन्नी नव्हती. ती आणायला फोरमन सायकल काढून गेला.

तो वळणापलीकडे दिसेनासा झाला तशी धाकटीने पदर खोचला. "अहो, ट्रॅक्टर पंधरा मिनिटं चालू ठेवा. तेल कोमट झालं पाहिजे."

"पण दादा..."

"चालू करा म्हणते ना!"

पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून ती पोत्यावर आडवी झाली आणि सरळ आत सरकली. प्लगच्या माथ्यावर हातोड्याचे चार-सहा नेमके ठोके दिले, जोराचे नव्हे, वडील देत तसे, दारावर टकटक केल्यासारखे. कडेने डिझेल सोडलं, थोडं थांबली. मग पाण्याच्या नळाचं काम करताना वापरायचा दातेरी पाना लावला. गोल झालेल्या डोक्यालाही तो चावून धरतो. खालून बघत तिने योग्य बाजूला ओढ दिली. पहिल्यांदा पाना नुसता चावला, दुसऱ्यांदा "कट्" असा आवाज आला आणि प्लग हलला.

"सुटला?" नवऱ्याने वाकून विचारलं.

"घमेलं सरकवा."

काळं तेल घमेल्यात पडू लागलं. नवरा खाली बसला आणि हळूच म्हणाला, "मलाही पहिल्याच दिवशी वाटलं होतं, दादा उलटा फिरवतोय म्हणून."

धाकटी ट्रॅक्टरखालीच थांबली. "वाटलं होतं, की माहीत होतं?"

"माहीत होतं. पण दादाला कसं सांगणार?"

दोन दिवस ती मनातल्या मनात फोरमनवर हसत होती. हे ऐकून तिला हसू आलं नाही. फोरमन मूर्ख होता. मूर्खाला निदान ठाऊक नसतं. हा तर सगळं ठाऊक असून पाईपला लोंबकळला होता. शेवाळावरून पाय घसरावा तशी तिची नजर त्याच्या तोंडावरून घसरली.

फोरमन छिन्नी घेऊन परतला तेव्हा घमेलं भरत आलं होतं. त्याने छिन्नी पाठीमागे धरली. मग तो सावरला.

"बघ! मी सैल करून ठेवलाच होता. शेवटचा हात तेवढा राहिला होता."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं.

"हो दादा," नवरा म्हणाला.

ती ट्रॅक्टरखालून बाहेर सरकून उठली. तेलाने माखलेला, गोल झालेला प्लग तिने फोरमनच्या तळहातावर ठेवला. "नवा आणा, भाऊजी. आणि बसवायचा तुम्हीच. आवळण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही."

कुंपणापाशी थांबलेली शेजारीण फस्सकन हसली. फोरमन काहीतरी पुटपुटत घरात गेला आणि संध्याकाळच्या जेवणाला डोकं दुखतंय म्हणून आलाच नाही.

आठवड्याभरात त्याच शेजारणीचा निरोप आला, तिच्याही ट्रॅक्टरचा प्लग अडकला होता. धाकटीने दातेरी पाना पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"दादाला विचारलंस?" नवऱ्याने दारातून विचारलं.

तिला उत्तर सुचलं होतं, चांगलं झोंबणारं. पण तेही त्याच्यावर खर्च करावंसं वाटेना. पिशवी खांद्यावर टाकून ती चालू लागली.