सुभेदाराचा पंचनामा

आमच्या स्वयंपाकघराचा मागचा उंबरा म्हणजे दोन राज्यांची हद्द. घर अलीकडच्या राज्यात, परस पलीकडच्यात. देश एकच, पण भाजी चिरते मी एका कायद्याखाली आणि सालं टाकते दुसऱ्याखाली. लग्न ठरताना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी काय दिवे लावणार होते म्हणा.

परसात सुभेदार राहतो. सुभेदार म्हणजे माझ्या सासऱ्यांचा कोंबडा. सासरे एकाहत्तरचे, कानांनी केव्हाच राजीनामा दिलेला. दार वाजलेलं त्यांना कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही. सुभेदाराचं आरवणं मात्र ऐकू येतं. रोज सकाळी परसाकडच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसतात. मी चहा देताना ओरडून विचारते, "बाबा, ऐकलंत का?" की म्हणतात, "ऐकलं. आज सूर छान लागला." दिवसभरात त्यांच्या चेहऱ्यावर तेवढंच एकदा हसू येतं, म्हणून मी त्या मेल्या कोंबड्याचे नखरे सोसते.

गेल्या वर्षी अलीकडच्या राज्याने कायदा केला: सकाळी सातच्या आत कोंबडा आरवता कामा नये. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा जप्ती. त्याच महिन्यात पलीकडच्यांनी ठरवलं की कोंबड्याची बांग हा गावाचा ठेवा आहे. सातच्या आत आरवला नाही, तर मालक त्याचा छळ करतो असं धरून कोंबडा संरक्षण केंद्रात. एकमेकांना एक फोन केला असता तर यांच्या बापाचं काय जात होतं?

सुभेदार आरवायचा परसात, कायदेशीरपणे. पण आवाज घरावरून पुढच्या गल्लीत, आणि तिथे राहतो एक दंतवैद्य. स्वतः दिवसभर लोकांना किंचाळायला लावतो, पण कोंबडा त्याला सहन होत नाही. त्याच्यामुळे आम्हाला दोन ताकिदी आल्या.

मग मी सुभेदाराला स्वयंपाकघरात आणून टोपलीखाली ठेवू लागले. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात. उजाडत होतंच, पण सुभेदार गप्प होता आणि मला तेवढंच हवं होतं. आठ दिवस सासरे रिकाम्या परसाकडे बघत बसले. चहा अर्धा टाकायचे. आमटीला मीठ जास्त झालं तरी तक्रार केली नाही. नवव्या दिवशी पलीकडची नोटीस आली: कोंबडा गप्प का? इकडे आड, तिकडे विहीर. मी टोपली माळ्यावर फेकली. म्हटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पुढच्या दारातून अलीकडचे साहेब आले आणि मागच्या फाटकातून पलीकडच्या बाई. आमचे हे पहाटेच बस घेऊन जातात, त्यामुळे संकटाच्या वेळी घरात कधी नसतात. सुभेदार ऐटीत आला, नेमका उंबऱ्यावर चढला, दोघांना नीट न्याहाळलं, मान ताणली आणि असा आरवला की ताटाळ्यातली ताटं वाजली.

"आरवला. जप्त," साहेब म्हणाले.

"आधी पंचनामा," बाई म्हणाल्या. "घरातल्या सर्वात ज्येष्ठ व्यक्तीच्या सहीचा. तेवढं एक कलम दोन्हीकडे सारखं आहे."

सासरे 'ऐकलं' म्हणाले तर साहेब कोंबडा नेणार, 'नाही' म्हणाले तर बाई. आणि ते काय म्हणणार हे मला पाठ होतं. मी डोळ्यांनी खुणा केल्या, पण खुणा तरी कोणत्या करणार?

साहेबांनी खुर्चीशी जाऊन फॉर्म पुढे केला. प्रश्न होता: आवाज ऐकू आला का? सासऱ्यांनी चष्मा लावला, वाचलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि लिहिलं: 'नाही. मला दोन वर्षं काहीच ऐकू येत नाही.' खाली सही.

"अहो, पण मी स्वतः ऐकला ना," साहेब म्हणाले.

"तुमचे कान ग्राह्य नाहीत," बाई म्हणाल्या आणि आपला फॉर्म सरकवला. प्रश्न: कोंबडा आरवला का? सासऱ्यांनी लिहिलं: 'हो. मी पाहिला.' खाली तशीच सही.

साहेबांनी दोन्ही कागद तीनदा वाचले. काही सापडेना, तेव्हा माझ्याकडे पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. बाई सुभेदाराला नमस्कार करून गेल्या.

मला हसू आवरेना. चहा घेऊन गेले आणि ओरडले, "बाबा, काय बेमालूम थाप मारलीत हो."

सासरे माझ्या तोंडाकडे बघून हसले. म्हणाले, "ऐकलं. आज सूर छान लागला."

मी कपबशी त्यांच्या हातात दिली. नोटिशीच्या पाठीवर मी लिहिलं, 'मग रोज कसं कळतं?'

"मान ताणतो ना तो," सासरे म्हणाले. "तेवढं दिसलं की पुढचं मला आठवतं." आणि चहा पूर्ण प्यायले.

ते उठून गेल्यावर मी ओलं फडकं आणलं आणि खिडकीची काच पुसली. किती महिन्यांची धूळ होती तिच्यावर, कोण जाणे.