गोणपाटाला वय नसतं

मी एक माईक आहे. 'बोलतोय' म्हणायला मला थोडी लाज वाटते, कारण आजवर माझ्यातून फक्त दुसरेच बोलले. आज समोर कुणी उभं नाही, म्हणून माझं चार शब्दांत सांगून घेतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला माहीत नाही. पहिली आठवण आहे ती घाटकोपरच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटाची. तिथून मला विद्याधर नावाच्या माणसाने घेतलं. त्याचा मोबाईलवर बघायचा चॅनेल होता, 'पब्लिक काय बोलतंय'. दर शुक्रवारी नवा सिनेमा लागला की थिएटरबाहेर उभं राहायचं, लोक बाहेर पडले की त्यांच्या तोंडासमोर मला धरायचं आणि विचारायचं, "कसा वाटला?" बस, एवढंच काम. विद्याधरने माझ्या डोक्यावर स्पंजची नारंगी टोपी चढवली. "गर्दीत लांबून दिसला पाहिजे," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, माणसांची मतं ऐकायला मिळणार म्हणजे केवढं भाग्य! पण महिनाभरातच मला एक गोष्ट कळली. मी समोर आलो की माणूस आधी केस नीट करतो आणि मग मत शोधतो. आधीच्याने काय सांगितलं ते त्याने ऐकलेलं असतं. त्याहून जरा तिखट बोललं की झालं त्याचं मत तयार. मागचे मित्र हसले तर तो आणखी तिखट होतो. कधी कधी तर सिनेमा न बघता नुसता वडापाव घ्यायला आलेला माणूसही माझ्यासमोर "एकदम बकवास!" म्हणून जायचा, आणि विद्याधर तेही ठेवायचा.

मला हातात धरायचं काम पूर्वी नावाच्या मुलीकडे होतं. ती एकोणीस वर्षांची, माहुलच्या कोळीवाड्यातली. तिची आई तिथे मासळी विकायची आणि पूर्वी कॉलेजसाठी मुलुंडला मावशीकडे राहायची. विद्याधर तिला पुन्हा पुन्हा एकच शिकवायचा. "'ठीक आहे' म्हणणाऱ्याला सोडून दे गं. 'ठीक आहे' कोण बघतं? शिव्या घालणारा पकड, नाहीतर नाचणारा."

काम संपलं की पूर्वी मला बॅगेत घालून घरी न्यायची. त्यामुळे तिची मावशी मला माझ्या घरच्यासारखीच झाली. तिचं नाव प्रेमा.

प्रेमामावशीचा चेहरा तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. मालिकेत नवरीच्या मागे ताट धरून उभी राहणारी काकू आठवते? ती ही. पण तरुणपणी ती नायिका होती. 'कडीकोयंडा' नावाच्या सिनेमात एक खुनी दाराची कडी वाजवून लोकांना बाहेर काढायचा आणि कोयत्याने मारायचा. तोंडाला गोणपाट बांधलेलं, दोन डोळ्यांना दोन भोकं. लोक त्याला गोणपाटच म्हणायचे. त्याच्या तावडीतून एकच मुलगी वाचते, रेवा. ती रेवा म्हणजे प्रेमामावशी. तिने शेवटी मारलेली आरोळी त्या काळी इतकी गाजली की शाळेतली पोरं एकमेकांना घाबरवायला तशीच ओरडायची.

त्या सिनेमाचे चार भाग निघाले. दुसऱ्या भागापासून मावशी नव्हती. नव्या मुली आल्या, नव्या मुली मेल्या. मग सगळं थंड झालं. पहिल्या भागानंतर अठ्ठावीस वर्षांनी निर्माते नंदकुमार यांनी पाचवा भाग काढायचं ठरवलं, आणि पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं, 'रेवा परत येतेय!'

मावशी त्या दिवसांत घरात गाणी म्हणत फिरायची. शूटिंगच्या वेळी पायऱ्यांवरून धावताना तिचा गुडघा दुखावला, तरी तिने डमी घेऊ दिली नाही. "रेवा स्वतः पळते," असं तिने सेटवर ठणकावलं होतं.

पण सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी तिला नंदकुमारांचा फोन आला. पलंगावर पूर्वीच्या बॅगेशेजारी मी पडलो होतो. फोन स्पीकरवर होता.

"प्रेमा, सहावा भाग लिहून तयार आहे. दोन प्रकारे लिहिलाय. पब्लिकला तू आवडलीस तर रेवा शेवटपर्यंत आहे. नाही आवडलीस तर... आता तुला काय सांगू, पहिल्याच सीनला गोणपाट तुला उडवणार. मी काय, पब्लिक म्हणेल तसं."

फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ गुडघ्याला बाम चोळत बसली. मग म्हणाली, "पूर्वी, उद्या तू बाहेर उभी राहणार ना?"

"हो. का गं?"

"मी स्कार्फ बांधून येते. गॉगल पण लावते. तू मला विचार, कसा वाटला. मी दोन वाक्यं बोलते."

पूर्वी हसत सुटली. "मावशी! तू स्वतःच स्वतःची तारीफ करणार?"

"मग कोण करणार? माझ्याकडे पैसे देऊन टाळ्या वाजवायला माणसं नाहीत बाई."

तिने मला उचललं. हाताला बामाचा वास होता. आरशासमोर उभी राहून ती म्हणाली, "सिनेमा बरा आहे, पण रेवाचं काम झकास. अजून दम आहे त्या बाईत." मग पुन्हा, जरा घोगऱ्या आवाजात. मग पुन्हा, नाकातून.

"नाकातून नको गं, सर्दी झाल्यासारखं वाटतं," पूर्वी म्हणाली. दोघी पोट धरधरून हसल्या. मला इतक्या आनंदाने कुणी हातात धरल्याचं आठवत नाही.

शुक्रवारी सकाळचा पहिला खेळ. दोघी एकत्र गेल्या. मी पूर्वीच्या मांडीवरच्या बॅगेत होतो. बंद माईकला ऐकू येत नाही असं तुम्हाला वाटतं. मला सगळं ऐकू येत होतं.

सिनेमा मला दिसला नाही, पण थिएटर ऐकू आलं. सुरुवातीला पोरं शिट्ट्या मारत होती. गोणपाट आला तेव्हा मोठा गलका झाला. मग रेवा आली. मावशीचा आवाज मी लगेच ओळखला. ती पायऱ्यांवरून धावायला लागली आणि थिएटर एकदम गप्प झालं. पॉपकॉर्नचा सुद्धा आवाज नाही. मागच्या रांगेतला एक मुलगा पुटपुटला, "पळ गं... पळ, पळ." आमच्या शेजारची एक बाई म्हणाली, "अगं बाई, गुडघा दुखतोय तिचा, खरंच दुखतोय." ती रडवेली झाली होती. 

मावशीने पूर्वीचा हात दाबला. बॅगेचा पट्टा त्या दोन हातांखाली होता, म्हणून मला कळलं.

मग दिवे लागले, आणि सगळे बाहेर आले.

पूर्वीने मला बॅगेतून काढलं. मोबाईल धरायला विद्याधर स्वतः आला होता. पहिला माणूस म्हणाला, "एक नंबर! गोणपाट अजून तसाच आहे, काय एंट्री आहे राव!"

दुसरा आला तो मागच्या रांगेतला मुलगा. मी त्याचा आवाज कसा विसरेन? सोबत तिघे मित्र होते. पूर्वीने विचारलं, "रेवा कशी वाटली?"

तो म्हणाला, "अरे ती आजी? वाट लागलीय तिची! गोणपाटाला धावायची गरजच काय, नुसतं लिफ्टने जाऊन वर थांबायचं ना!"

मित्र खिदळले. तो आणखी फुलला. "तिला बसचा मोफत पास द्या रे कुणीतरी!"

त्यानंतर सगळ्यांना विषय मिळाला. एकाने तिच्या पळण्याची नक्कल केली. दुसरा म्हणाला, "अठ्ठावीस वर्षांनी आणायची तर जरा जिममध्ये पाठवायची." गोणपाटाच्या मागचा माणूसही अठ्ठावीस वर्षांनी म्हातारा झाला असेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. गोणपाटाला वय नसतं. वय फक्त उघड्या चेहऱ्याला असतं, त्यातून तो बाईचा असेल तर जास्तच.

मग 'मला पण बोलायचंय' म्हणत एक बाई आली; आवाजावरून ओळखलं, थिएटरमधली ती शेजारची. मला वाटलं, ही तरी खरं बोलेल. तिने एकदा पोरांकडे पाहिलं, पदर सावरला आणि म्हणाली, "आमच्या वयाच्या बाईने कशाला असले उद्योग करायचे? घरी बसावं, नातवंडं बघावीत." पोरांनी "बरोबर, काकू!" म्हणून टाळ्या वाजवल्या. बाई लाजून हसली आणि निघून गेली.

तिच्या मागे मावशी उभी होती. स्कार्फ, गॉगल. हे सगळं तिने हातभर अंतरावरून ऐकलं होतं.

 मावशीला टाळून पूर्वीने मला पुढच्या माणसाकडे वळवलं. पण विद्याधर ओरडला, "अगं त्या काकूंना घे ना! लेडीज कमी आहेत."

मी मावशीच्या तोंडासमोर गेलो. तिचा श्वास माझ्या स्पंजमध्ये शिरत होता. ती दोन वाक्यं मला पाठ होती. मी मनात म्हणत होतो, बोल, रेवाचं काम झकास, अजून दम आहे.

"सिनेमा..." ती म्हणाली, आणि थांबली.

"बोला काकू, बिनधास्त!" तो मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला. तो अजून गेला नव्हता. "तुमचा आवाज पण कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतोय हां."

मावशी दचकली. आता हा ओळखणार, सगळे ओळखणार, आणि ही स्वतःची तारीफ करायला तोंड बांधून आली होती म्हणून अख्खा मुलुंड हसणार. हे सगळं तिच्या एका श्वासात मला कळलं. मग तिने आवाज बदलला. नाकातून, तसाच.

"ती रेवा काही बरी नाही वाटली. पुढच्या भागात मारून टाका तिला. सुटेल बिचारी."

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! शिट्ट्या, आरोळ्या. त्या दिवशी मावशीला मिळालेल्या टाळ्या तेवढ्याच.

विद्याधर खूश झाला. "काकू म्हणजे सोनं आहे सोनं! हीच क्लिप वर लावतो."

"सर, ती नको," पूर्वी म्हणाली. "प्लीज. बाकी काहीही लावा."

"का? तुझी कोण लागते ती?"

पूर्वीने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. नाही. पूर्वी म्हणाली, "कुणी नाही."

संध्याकाळपर्यंत ती क्लिप गावभर झाली. वर लिहिलं होतं, 'काकूंनी सांगून टाकलं!'

रविवारी नंदकुमारांचा फोन आला. मावशी भाजी निवडत होती. फोन तिने ओट्यावर ठेवला. मी तिथेच, डब्यांच्या बाजूला होतो.

"प्रेमा, ऐकलंस ना लोक काय बोलतायत? मला वाईट वाटतं गं. पण हे ऐक." आणि त्यांनी ती क्लिप लावली. "ती रेवा काही बरी नाही वाटली..." माझ्यातूनच गेलेला आवाज आमच्या स्वयंपाकघरात परत आला. "बघ, पोरंटोरं सोड. तुझ्या वयाच्या बायका पण हेच म्हणतायत. मी काय करू?"

ज्या माणसाने पहिला सिनेमा हिच्या आरोळीवर आणि पाचवा हिच्या नावावर विकला, त्याला हिचा बोलण्याचा आवाज ओळखता आला नाही.

पूर्वी दारातून हातवारे करत होती. सांग, सांग त्यांना.

मावशीने भाजीची जुडी सोडली. "मग कधी यायचं शूटिंगला?"

"शूटिंगला यायची गरज नाही. पाठमोरी दाखवू, दुसरी कुणीतरी उभी करू."

"आणि ओरडणं? ते तरी करते."

"अगं, पहिल्या भागातली तुझी आरोळी आहे की आमच्याकडे. तीच लावू. आता तुला तसं ओरडता यायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाली. फोन बंद झाला.

पूर्वी आत आली. तिचे डोळे भरले होते. "मावशी, का नाही सांगितलंस ती तूच होतीस म्हणून?"

"सांगून काय होणार? ते म्हणतील, बघा, हिला स्वतःलासुद्धा पटलंय." ती पुन्हा जुडी निवडायला लागली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "आत थिएटरमध्ये सगळे गप्प झाले होते ना गं? का मला तसं वाटलं?"

"झाले होते, मावशी. सगळे."

"मग बाहेर येईपर्यंत काय झालं त्यांना?"

पूर्वी तिच्या शेजारी बसून भाजी निवडू लागली. सोमवारी तिने मला विद्याधरच्या टेबलावर ठेवलं आणि काम सोडलं. जाताना माझ्या टोपीवरून हात फिरवला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. मला तिचा राग आला नाही. मी फक्त समोर धरला गेलो होतो, पण माझ्यासमोरच ते घडलं.

आता मला ओजस नावाचा मुलगा धरतो. नारंगी टोपी कडेने फाटली आहे आणि त्यात किती माणसांची थुंकी मुरली आहे ते विचारू नका. उद्या शुक्रवार आहे. सहावा भाग लागतोय, आणि मला त्याच थिएटरबाहेर उभं करणार आहेत. पहिल्या सीनला एक पाठमोरी बाई मरेल आणि पहिल्या भागातली जुनी आरोळी ऐकू येईल. बाहेर येऊन तुम्ही त्यावर काहीतरी बोलालच.

तुम्ही गोड बोला असं मी म्हणणार नाही. वाईट वाटलं तर वाईटच बोला. पण दिवे लागल्यापासून माझ्यापर्यंत चार पावलं चालत येता, तेवढ्या वाटेत स्वतःचं मत टाकून दुसऱ्याचं उचलू नका. मी ते ओळखतो. माझ्याजवळ ते सांगायची सोय नाही, एवढंच.